दोन लाँचींच्या मधल्या वेळात

५ ऑगस्ट

शेवटची संधी! जुन्या अभ्यासक्रमाचे ज्यांचे पेपर राहिलेत त्यांना या हिवाळ्यात एकदाच बसता येईल. त्यानंतर कधीच नाही. कॉलेजच्या ऑफिसबाहेर कागद लावलाय, तोही पागोळ्यांनी निम्मा भिजलेला. मुलं त्याच्याकडे ढुंकूनही न बघता कँटीनला चालली होती. मी मात्र तिथेच खिळले. डोक्यात एकच नाव — नूतनताई.

तिचा एक पेपर राहिलाय. संख्याशास्त्राचा, शेवटच्या सेमिस्टरचा. पेपर राहिला, मग लग्न झालं, मग सनी झाला. तीन वर्षं कॉलेज केलं आणि शिक्षण विचारलं की सांगायचं — बारावी. हा पेपर गेला की पदवी गेली, कायमची. आणि हिने मला शिकवलंय! मी आज एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे ती हिच्यामुळे.

६ ऑगस्ट

फोन केला. हसली. "आता कुठलं गं प्रज्ञा! मला आता फक्त साखर किती घालायची ते कळतं."

फोन ठेवायला निघाली. मग म्हणाली, "फॉर्म कधीपर्यंत भरायचाय?"

रविवारी मांडव्याला तिच्या सासरी जाणार. विचारून गेले तर नको म्हणेल, म्हणून न विचारताच.

१० ऑगस्ट, रविवार

भिजून चिंब. पण काम फत्ते!

मांडव्याला पावसाळ्यात लाँच बंद, त्यामुळे जेट्टीच्या रस्त्यावरच्या टपऱ्या ताडपत्रीत गुंडाळलेल्या. गाड्या आणणारी रो-रो बोट चालू आहे, पण त्यातली माणसं काच खाली न करता थेट अलिबाग गाठतात, त्यांना कुठला टपरीवरचा चहा! नूतनताईची चहा-वड्यांची टपरीही बंद. ती घरीच होती, सनीला कडेवर घेऊन. बारीक झालीय. हसणं तेवढं तसंच आहे.

तिची सासू कमळाबाई पडवीत सुकट निवडत बसली होती. मी परीक्षेचं काढल्यावर मान वर न करता म्हणाली, "पेपर देऊन काय व्हनार हाय? चाय गोड व्हनार हाय?" असा संताप आला! पण पाहुणी होते, गिळला. अजितभावोजी जेट्टीवर तिकिटं फाडतात. ते म्हणाले, "बघ बाबा तुझं तू." हा होकार की नकार, ते त्यांनाच ठाऊक.

निघताना ताई फाटकापर्यंत आली. "येशील का गं शिकवायला? मला एकटीला नाही जमायचं."

येशील का म्हणे! पुढच्या आठवड्यापासून येते म्हटलं.

१२ ऑगस्ट

झोपेऐवजी जुनंच आठवत बसलेय.

आमच्या कॉलेजात या प्रकाराला 'पीअर मेंटॉरिंग' असं भारदस्त नाव आहे. ते फक्त अहवालात. बाकी सगळे 'ताई-दादा'च म्हणतात. फर्स्ट इयरला आलं की पहिला प्रश्न — "तुझी ताई कोण?" जशी गावात विचारतात, कुणाची गं तू?

मी म्हसळ्याहून आलेली. दहावीपर्यंत मराठी शाळा, बारावी कशीबशी. इथे सर इंग्रजीत सुरू झाले की माझ्या कानात नुसती गाज. पहिल्या आठवड्यातच बॅग भरली होती. आणि माझी ताई निघाली नूतनताई! थर्ड इयरची, श्रीवर्धनकडची, मोठ्याने हसणारी. लॅबच्या मागच्या सामानाच्या खोलीत मोडकी खुर्ची तिला आणि उलटी बादली मला. तिथेच मला प्रोबॅबिलिटी कळली. टोपलीत एवढ्या चिंबोऱ्या, त्यातल्या एवढ्या भरलेल्या, न बघता हात घातला तर भरलेली हाताला लागायची शक्यता किती? "आणि चावायची शक्यता?" मी विचारलं होतं. किती हसलो होतो!

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "समजलं?" मी म्हटलं, "व्हय."

"खोटं. हा सुटकेचा व्हय आहे." मग म्हणाली, आपल्याकडं व्हय दोन असतात. एक कळल्याचा. दुसरा म्हंजे — आता पुरे कर बाई, मला उठू दे. त्यानंतर तिने मला कधी 'समजलं का' विचारलं नाही. म्हणायची, "आता तू मला शिकव." आणि समोर ढ मुलीसारखा चेहरा करून बसायची.

काय दिवस होते. त्या खोलीत आता प्रिंटर ठेवलेत.

१९ ऑगस्ट

पहिला धडा. परीक्षेचा फॉर्म भरला, आणि ताई-दादाच्या फॉर्मवर मार्गदर्शक म्हणून माझं नाव लागलंय. ते बघून ताई हसून हसून लोळली. "म्हंजे आता तू माझी ताई?"

"हो. उद्यापासून दोन वेण्या घालून यायचं."

सनी झोपलेला असेपर्यंत शिकतो. भराभर पुढे चाललोय. मी सांगते, ती मान डोलावते. हुशार ती हुशारच!

३ सप्टेंबर

गणपतीत अभ्यास शून्य, मोदक भरपूर.

९ सप्टेंबर

लाँच सुरू झाल्या. टपरी उघडली. आणि आमच्या अभ्यासाचे वाजले बारा!

आता अभ्यास दोन लाँचींच्या मधल्या वेळात. गेटवेची लाँच लागली की माणसांचा लोंढा बसकडे पळतो, त्यातली निम्मी टपरीला चिकटतात. चहा, वडापाव, "दीदी, टॉयलेट किधर है?" ताई उठते. लोंढा ओसरला की हात पुसून परत बाकड्यावर. तोवर मागचं गणित मी विसरलेली असते, तिचं काय होत असेल! आज तिने एका हाताने वडे सोडले आणि दुसऱ्या हाताने आकडे मांडले. कमळाबाई ओरडली, "पोरी, तुजा पेपर ऱ्हावला तो ऱ्हावला, माजा वडा का जालतंस?"

तरी ताई सगळ्याला हो म्हणतेय. पुढचा भाग घेतला.

२३ सप्टेंबर

आज जुना पेपर सोडवायला दिला.

कोरा. जवळपास कोरा! वर नाव, खाली दोन ओळी, त्याही खोडलेल्या.

मी काहीतरी लागट बोलले. काय बोलले ते इथेही लिहीत नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी. मग एकदम लक्षात आलं — महिनाभर ही काय म्हणतेय? व्हय. प्रत्येक गणिताला व्हय, गं. व्हय, पुढे घे. आणि मी खूश! ज्या बाईने मला दोन व्हय शिकवले, तिचाच मला ओळखू आला नाही. गाढव मी, गाढव!

"मग सांगायचं ना कळत नाही म्हणून!" मी म्हटलं.

"तू एवढ्या लांबून बस बदलून येतेस. तुला सारखं नाही-नाही कसं म्हणू?"

मग मी तिचाच डाव टाकला. म्हटलं, बरं, आता तू मला शिकव. तर म्हणाली, "तुला काय शिकवू? तुला सगळं येतं. ढोंगीपणा वाटतो गं."

खरं आहे. तिला ढ मुलीचा चेहरा करता यायचा, मला नाही येत. परतीच्या बसमध्ये तोंड लपवून रडले. पेपरसाठी नाही. ती मला घाबरते याचं वाईट वाटलं.

२५ सप्टेंबर

सुचलं! तिला शिकवायला कुणीतरी खरंखुरं न येणारं माणूस हवं.

प्राप्ती. माझ्याकडे नेमून दिलेली सेकंड इयरची मुलगी, उरणची. आजोबांचं मिठागर होतं, आता वडील न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवतात. पोरगी गोड, बडबडी, आणि फर्स्ट इयरचा संख्याशास्त्राचा पेपर हिचाही राहिलाय! तिच्या पेपरातला निम्मा भाग म्हणजे नूतनताईच्या पेपराचा पायाच. एका दगडात दोन पक्षी. विचारलं तर म्हणाली, "ताई, मांडव्याला? चालेल ना! मी बोलली मम्मीला, ती बोलते वडापाव आण."

२८ सप्टेंबर

चमत्कार.

प्राप्तीने पहिल्या पाच मिनिटांतच जाहीर केलं, "मला काहीच झेपत नाही हां, आधीच सांगते." नूतनताईने तिच्याकडे बघितलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती चार वर्षांनी लहान झाली! पदर खोचला, टोपलीतले वडे पुढे ओढले. "यातले चार कालचे आहेत असं समज." "शी! खरंच?" "समज म्हटलं गं!" मध्येच अडली. प्राप्तीने विचारलं, "पण असं का?" ताईने पुस्तक स्वतः उघडलं, स्वतः शोधलं, मग सांगितलं. मला एकदाही विचारलं नाही.

मी बाकड्याच्या टोकाला बसून बघत होते. उलट्या बादलीवर बसल्यासारखं वाटत होतं. इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर

आता रोजचं झालंय. मला बोलावं लागत नाही. मी फक्त ताईला पुढचा भाग काढून देते, ती प्राप्तीला शिकवते. प्राप्तीला नको असलेला भागही शिकवते, आणि ती बिचारी ऐकते. "समजलं समजलं, टेन्शन नको घेऊ!" असं वर तीच ताईला सांगते.

आज लाँच लागली, ताई उठायला लागली, तर कमळाबाईने झारा हातात घेतला. "बस तू. शिकीव तिला. वडं मी बगतंय." मी आ वासून बघत राहिले. मग म्हातारी माझ्याकडे वळून म्हणाली, "काय बगतंस? सून मास्तरीन हाय माजी, म्हायीत न्हवतं मला!"

दिवस लवकर मावळतोय. जेट्टीवर गार वारं. मला हे संपूच नये असं वाटतंय, आणि ते बरोबर नाही, कारण संपवायलाच तर आलोय आम्ही.

३० ऑक्टोबर

परत जुना पेपर दिला. सोडवला! एक गणित चुकलं, तर चूक तिनेच शोधली आणि कपाळावर हात मारून घेतला. मी तिला मिठी मारली. तिच्या अंगाला कांद्याचा आणि तेलाचा वास येत होता. आम्ही दोघी थोडं रडलो. प्राप्तीने फोटो काढला.

१४ नोव्हेंबर

ताईचा पेपर. सनी आजीकडे, टपरी बंद — भर हंगामात! कमळाबाईने फलाटावर असते तशी मोठी पाटी लावली म्हणे, 'आज पेपर हाय.' मी कॉलेजच्या गेटवर उभी होते. बाहेर येऊन फक्त एवढंच म्हणाली, "हात दुखला गं लिहून." एवढंच! मला बाई सगळं विचारायचं होतं.

१८ नोव्हेंबर

प्राप्तीचाही झाला. "मस्त गेला ताई!" म्हणाली.

७ डिसेंबर

मांडव्याला उगीचच जाऊन आले. अभ्यास नव्हता. चहा घेतला, सनीला फिरवलं, समोरून येणारी लाँच बघत बसले. ताई गिऱ्हाइकांत होती. पूर्वीच्या गोष्टी काढायच्या होत्या, वेळ मिळाला नाही. लॅबमागची खोली, चिंबोऱ्या, तिचा तो पिवळा ड्रेस. मला वाटतं ते सगळं मलाच जास्त आठवतं. तिला सवड कुठे!

९ जानेवारी

निकाल. नूतनताई पास! चांगल्या मार्कांनी पास!!

प्राप्ती नापास.

तिच्या पेपरातला उरलेला निम्मा भाग कुणी शिकवलाच नाही. मी तिची ताई. सगळा वेळ मी नूतनताईचाच चेहरा बघत होते.

ताईला फोन लावला. अभिनंदन म्हणायच्या आतच तिने विचारलं, "प्राप्तीचं काय झालं?" सांगितलं. मागे लोंढ्याचा आवाज, कुणीतरी दोन चहा मागत होतं.

मग म्हणाली, "उद्या पाठव तिला माझ्याकडे. तू नाही आलीस तरी चालेल."