निर्माल्याचं खत आणि जितेशभाईंचं लॉन

भाईंदर पश्चिम,
श्रावणातला मंगळवार

तीर्थस्वरूप दशरथदादाच्या पायांशी सुगंधाचा नमस्कार. (गुडघा दुखतोय म्हणून पत्रातच वाकतेय, मानून घे.) वहिनीची दाढ काढली का? तुझा खोकला कसा आहे? दोन्हींसाठी मी रोज देवाला वेगळं सांगते, तेव्हा बरं वाटलं असेलच. नसेल तर डॉक्टरला दाखवा. आम्ही इथे खुशाल आहोत. खुशाल म्हणजे ह्यांचं जेवणखाण वेळेवर चाललंय आणि माझं डोकं फिरलंय. फोन केला असता, पण तुझ्या अंगणात रेंज येईपर्यंत माझा राग निवतो, आणि हा राग मला निवू द्यायचा नाहीये.

आमच्या बिल्डिंगमागची मोकळी जागा तू पाहिली आहेस. (जिथे तू पान थुंकलास आणि वॉचमनने शिट्टी मारली, ती.) तिथे दूर्वा आपसूक उगवायच्या. रोज सकाळी खाली उतरायचं, जुडी खुडायची, बाप्पाला वाहायची. दूर्वा विकत घेण्याची पाळी माझ्यावर कधी आली नाही. पण आमचे चेअरमन जितेशभाई लोणावळ्याला कुणाच्या तरी बंगल्यातल्या हिरवळीवर अनवाणी चालून आले, आणि तेव्हापासून त्यांच्या तळपायांना चैन पडेना. मीटिंगमध्ये म्हणाले, आपल्याकडेपण लॉन पाहिजे, पंधरा ऑगस्टचा झेंडा लॉनवर. मला बागेच्या कमिटीत घेतलं, कारण सुगंधाताई हिशोबाच्या पक्क्या. म्हणजे भाव करायला मी आणि फोटोत उभे राहायला ते.

काशीमीऱ्याला दिपेश म्हणून नर्सरीवाला आहे, त्याच्याकडे ट्रकांचा धूर खात गेलो. त्याने गवताचे चौकोन मांडून दाखवले. एक होतं मऊशार, पण पावसात कुजणारं. दुसरं रुंद पात्यांचं, गाईपुढे टाकावं असं. तिसरं झोयसिया. आखूड, दाट, हात फिरवला तर नुकत्या कापलेल्या केसांसारखं. "भाभी, ये धूप भी खाएगा, बारिश भी झेलेगा. बढ़ता धीरे है, कटिंग का खर्चा कम." खर्चा कम म्हटल्यावर मीच मान हलवली. (हे जितेशभाई चार लोकांत सांगतात, म्हणून तुला आधीच सांगून ठेवते.) त्याने बजावलं की पाणी साचता कामा नये, जमिनीला उतार द्या, वाळू पसरा, खाली चांगलं कुजलेलं खत घाला. उतार जितेशभाईंनी बघायचा होता. त्यांनी तो बिल्डिंगच्या बाजूला दिला, कारण दुसरीकडे दिला असता तर पाणी त्यांच्या गाडीखाली गेलं असतं. खत माझ्याकडे. दिपेश गोणीचा भाव सांगायला लागला, मी म्हटलं राहू दे. देवाला वाहिलेलं कचऱ्याच्या गाडीत जाऊ नये म्हणून मीच मागे लागून कोपऱ्यात निर्माल्याचा खड्डा करवून घेतलाय. अख्ख्या बिल्डिंगची फुलं-पत्री त्यात पडते, आणि खाली काळंभोर खत तयार असतं. फुकट, वर पवित्र. तो म्हणाला, "भाभी, उसमें बीज रहेगा." मी म्हटलं, "बीज कैसा रहेगा? देवाला चढवलेला है." त्याने गोणी परत आत नेली.

जुन्या दूर्वा खणून काढल्या त्या दिवशी मी जेवले नाही. (संकष्टीही होती.) मग खत, वर वाळू, वर ते चौकोन, विटांसारखे सांधा चुकवून बसवले. रोलरचं भाडं वाचवायला फळी टाकून त्यावरून ह्यांना आणि वॉचमनला चालवलं. आणि पाऊस असा कोसळला की विचारू नकोस. उलट्या उताराने पाणी साचलं आणि चौकोन सुटून तव्यावरच्या घावनांसारखे इकडेतिकडे सरकायला लागले. एक गेटपाशी सापडला. एक तळमजल्यावरच्या मुक्ताबाईंच्या दारात पायपुसणं होऊन पडला होता. त्या म्हणाल्या, "मला वाटलं सोसायटीनं घरटी एकेक वाटलंय." पुन्हा बसवले, त्यात एक उलटा बसला, मुळं वर. तो वाळेपर्यंत कुणाला कळलं नाही, जितेशभाई त्यावर उभे राहून फोटोसुद्धा काढून गेले.

श्रावण लागला आणि त्या झोयसियातून आधी दूर्वा वर आल्या. मग झेंडू. मग तुळशी, इवल्या इवल्या, जोडपानाच्या. माझे डोळे भरून आले. जितेशभाईंचेही आले असावेत, पण त्यांनी लगेच ग्रुपवर टाकलं, सुगंधाताईंच्या कचऱ्यामुळे लॉन खराब झालं, शनिवारी तणाचं औषध मारणार. कचरा! दादा, त्यांच्या स्वतःच्या आईने वाहिलेला झेंडू त्या खड्ड्यात आहे, तो कचरा? ह्यांच्या कमरेच्या दुखण्यासाठी मी वाहिलेल्या दूर्वा, त्या कचरा? रागाच्या भरात आमटीत मीठ दोनदा घातलं. आमचे हे म्हणाले, जाऊ दे. लग्न झाल्यापासून हे "जाऊ दे" म्हणतायत आणि अजून काहीही गेलेलं नाही.

मी हळदी-कुंकवाची कोयरी घेतली, खाली गेले आणि एकेका तुळशीला कुंकू लावून निरांजन ठेवलं. बघता बघता सगळ्या मजल्यांवरच्या बायका उतरल्या. मुक्ताबाई खुर्ची घेऊन आल्या आणि मधोमध बसल्या. म्हणाल्या, "मी काय पूजाबिजा करत नसते सुगंधा. पण जितं झाड मारायला कोण येतो ते बघते." शेवटी जितेशभाईंच्या बा, म्हणजे आई, काठी टेकत आल्या, प्रदक्षिणा घातली आणि तिथूनच वर खिडकीकडे ओरडल्या, "जितु! तुलसीमाने झेर आपीश?" (विष घालणार का, असं.) खिडकी बंद झाली.

पण माणूस चेअरमन आहे. दुसऱ्या दिवशी चुन्याची रेघ मारून घेतली. तुळशी आहेत तिथे औषध नाही, बाकी सगळीकडे मारणार. आणि बाकी म्हणजे त्यांच्या खिडकीखालचा पट्टा, जिथे नुसत्या दूर्वा आहेत. ते म्हणतात, दूर्वा म्हणजे गवतच की. गणपती तोंडावर आलेत. दादा, बाप्पाला मी काय झोयसिया वाहू?

असो. पत्र संपवते, कागदही संपत आलाय. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी,
सुगंधा

ता. क. आपल्या वृंदावनाखाली पावसात तुळशीची ढीगभर रोपं येतात, ती मातीसकट काढून केळीच्या सोपटात बांध आणि हे पत्र आणून देणाऱ्या लवूच्याच टेम्पोतून काशीमीऱ्याला पाठव. शुक्रवारच्या आत. कुरियर नको, महाग पडतं. टोपलीवर "प्रसाद" लिही, म्हणजे गेटवर कुणी उघडून बघणार नाही.

ता. क. काल दुपारी कुणी नाहीसं बघून चपला काढून त्या लॉनवर चालले. मऊ आहे मेलं. गुडघ्याला बरं वाटलं. हे वहिनीला वाचून दाखवू नकोस.

ता. क. जितेशभाई बाकी सगळ्यांसमोर विचारत होते की आपोआप उगवलेल्या तुळशी एका ओळीत, सारख्या अंतरावर कशा? मी म्हटलं, देवाचं काम नेटकं असतं. तरी या खेपेला रोपं लहानमोठी बघून पाठव. मी वाकडीतिकडी लावीन.