हिची कंबर आणि गाडीचे शॉकअप

६ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. विषय एकच, गाडीचं सस्पेन्शन.

कारण हिची कंबर. तशी ठिसूळ हाडांची ही नाही, पण हल्ली गाडीतून उतरताना दार धरून उभीच राहते. आज लॅबच्या फाटकाशी तशीच उभी राहिली. मागचा गाडीवाला हॉर्नवर हॉर्न. मीही दोन सणसणीत वाजवले, त्याला कळावं म्हणून. ही दचकली, मग हळूहळू चालत आत गेली. तिथे दिवसभर उभं राहून रक्ताच्या नळ्या तपासायच्या असतात. मला फार वाईट वाटलं. ऑफिसपर्यंत त्या हॉर्नवाल्याच्या पुढेच राहिलो.

संध्याकाळी फिजिओबाईंकडे. बाई म्हणाल्या, पाठीचे स्नायू सतत आखडलेले आहेत. दिवसात अशी कुठली वेळ आहे का, जेव्हा तुम्ही अंग आवळून बसता? हिने माझ्याकडे बघितलं. मी ताबडतोब सांगितलं, गाडीत. बाईंनी हिच्याकडे बघितलं. हिने मान हलवली. म्हणजे निदान अखेर मीच केलं.

निर्धार: या महिन्यात गाडी पाळण्यासारखी करायची. बजेटच्या बाहेर जायचं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

ऑफिसात काम झालं नाही. दिवसभर सस्पेन्शनचे व्हिडिओ. साहेब मागे येऊन उभे राहिले. मी म्हटलं, क्लेमचा अभ्यास करतोय. खोटं नाही. मोटार विम्याच्या क्लेम्समध्ये इतकी वर्षं काढली, लोकांच्या चेपलेल्या बॉनेटचे फोटो बघून चूक कोणाची हे चहा संपायच्या आत सांगतो. गाडी म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला, म्हणजे आमच्या टर्बोला, विचारलं. याला गाड्यांतलं सगळं कळतं, असं तो म्हणतो. तो म्हणाला, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर बसवायचे, स्वस्त आणि मस्त. लगेच मागवले.

१२ जानेवारी, रविवार

गॅरेजवाल्या भाऊंनी बफर बसवले. भाऊ म्हणाले, साहेब, यानं गाडी थोडी उंच होते, कडक पण होते. मी म्हटलं, आधी कडक वाटेल, मग रबर बसेल. भाऊ म्हणाले, बसवायचं म्हणता तर बसवतो. माणूस चांगला आहे, कशालाच नाही म्हणत नाही.

संध्याकाळी लेक आणि ही, दोघींना घेऊन एक चक्कर. पहिल्याच गतिरोधकावर लेकीचं डोकं छताला लागलं. लेकीला उंची आईकडून आली आहे, त्याला मी काय करणार?

१४ जानेवारी, मंगळवार

रबर बसत नाहीये.

ही आज सकाळी म्हणाली, मी रिक्षाने जाऊ का? मी म्हटलं, अगं, रिक्षाला सस्पेन्शन असतं तरी का? गप्प बसली. म्हणजे पटलं.

वाटेत एक टेम्पो डावीकडून घुसला. काच खाली करून त्याला नियम समजावून सांगितला. तो ऐकेना, म्हणून पुढच्या सिग्नलला उरलेला सांगितला. हिला उशीर झाला. टेम्पोवाल्यामुळे.

१५ जानेवारी

बफर काढले. टर्बो म्हणतो, बफर स्वस्तातलं काम, तू गॅसचे शॉकअप घ्यायला हवे होतेस. बफर त्यानेच सांगितले होते याची आठवण करून दिली. म्हणाला, ते तुझ्या बजेटला धरून सांगितलं होतं.

बजेट जरा सैल केलं.

२० जानेवारी, सोमवार

गॅसचे शॉकअप. जाहिरातीत लिहिलंय, 'रस्त्यावर घट्ट पकड, वळणावर आत्मविश्वास'. वळणावर आत्मविश्वास मला होताच, तरीही फरक जाणवला. आज उड्डाणपुलाचं वळण एका दमात घेतलं. हिला म्हटलं, बघितलंस, गाडी जरासुद्धा कलली नाही. ही म्हणाली, गाडी नाही कलली.

दुपारी हिचा लॅबमधून मेसेज. एका बाजूला गोळा आलाय, संध्याकाळी परस्पर फिजिओबाईंकडे जाते, न्यायला येऊ नका. मी गेलोच. वेळेवर पोचावं म्हणून जोरात गेलो. येताना मागे बसू का म्हणाली. मी म्हटलं, मागे जास्त आदळतं, पुढेच बस. डोळे मिटून बसली. झोप लागली असावी असं वाटलं, पण प्रत्येक ब्रेकला तिचा पाय पायपुसणं दाबत होता. तिच्या बाजूला ब्रेक नाही हे तिला माहीत आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

ही आजपासून लॅबच्या व्हॅनने जाणार. तात्पुरतं. मी स्वतःच सुचवलं, म्हणजे ती म्हणाली आणि मी नाही म्हणालो नाही.

गाडीत एकट्याने जाताना सुनंसुनं वाटतं. लग्न झाल्यापासून आम्ही एकत्रच निघतो. आधी स्कूटर, मग ही गाडी. रोज तेवढाच वेळ आमचा दोघांचा असतो. मी बोलतो, ती ऐकते. आज पहिल्याच चौकात एक स्कूटरवाला आडवा आला, आणि हे सांगायलाच कोणी नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

एक निरीक्षण करायचं होतं, म्हणून आज व्हॅनच्या मागोमाग गेलो. व्हॅनला मागे स्प्रिंगऐवजी ट्रकसारखे लोखंडी पाटे आहेत. खड्ड्यात गेली की आख्खी व्हॅन उडते. आत ही खिडकीशी बसली होती, आणि हसत होती. शेजारच्या बाईच्या खांद्यावर हात टेकून हसत होती. मोठा खड्डा आला तेव्हा सगळ्याच जणी उडाल्या आणि आणखी हसल्या.

संध्याकाळी विचारलं, कंबर कशी? म्हणाली, आज बरी आहे.

हे शास्त्रात बसत नाही. बहुतेक ती मागच्या चाकांपासून लांब बसली असावी.

हसताना तिचा एक दात जरा पुढे दिसतो, हे मी विसरलो होतो.

३० जानेवारी, गुरुवार

निर्णय. अर्धवट काहीच करायचं नाही. पूर्ण सेट मागवला, चकती फिरवून मऊ किंवा कडक करता येणारा. बजेट आता मोडलंच आहे, तर नीट मोडावं. हिला सांगितलं, सोमवारपासून तू परत माझ्याबरोबर येतेस. ती म्हणाली, बघू. लेक म्हणाली, बाबा, आधी आईला विचार तिला काय हवंय. मी म्हटलं, अगं, तिच्यासाठीच तर चाललंय सगळं.

३ फेब्रुवारी, सोमवार

सेट बसला. मी स्वतः गाडीखाली वाकून चारही चकत्या पूर्ण मऊवर नेल्या. एकदम लोणी! ही गाडीत बसली तेव्हा मीच दार लावलं. वाटेत विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, ठीक. म्हटलं, नीट सांग, फरक आहे ना? म्हणाली, आहे.

ऑफिसात टर्बोला लोण्याबद्दल सविस्तर सांगितलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

वाईट दिवस. लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो.

सकाळी रस्ता खोदलेला. रांगेत थांबलो होतो, एक पांढरी गाडी कडेने येऊन नाक खुपसू लागली. मी दोन बोटांचीसुद्धा जागा ठेवली नाही. तो पुढे, मी पुढे, करकचून ब्रेक, परत पुढे. आणि खणलेल्या भागात चाक धाडकन गेलं. हिच्या तोंडून आवाज आला. ओरडणं नव्हे, श्वास अडकल्यासारखा.

म्हणाली, अहो, मला उतरवा.

मी म्हटलं, अगं, इथे कुठे?

म्हणाली, इथेच. थांबवा.

तिने दार उघडलंच. कंबरेवर हात ठेवून खोदलेल्या मातीच्या कडेकडेने चालत गेली. मागून सगळे हॉर्न वाजवत होते. आज मी वाजवला नाही. पांढरी गाडी माझ्यापुढे घुसली, घुसू दिली.

थेट भाऊंकडे गेलो. ते गाडीखाली गेले आणि म्हणाले, साहेब, चकत्या उलट्या फिरवल्यात, पूर्ण कडकवर आहेत. म्हणजे सोमवारपासून. चकतीवरची खूण अगदी बारीक आहे, कोणाचीही चूक होईल. भाऊ म्हणाले, एका शॉकअपमधून तेलही गळतंय, गाडी ठेवून जा. ठेवली.

चालत घरी आलो. हिला सगळं सांगितलं, खूण किती बारीक आहे तेही. ती गरम पाण्याची पिशवी घेऊन पडली होती. म्हणाली, झालं का सांगून? आणि भिंतीकडे वळली. मी बराच वेळ तिथे उभा होतो. तिला पाणी हवंय का, एवढं विचारायचं होतं. पण तोंडातून निघालं, त्या पांढऱ्या गाडीची चूक होती.

८ फेब्रुवारी, शनिवार

लेक गाडी घेऊन आली. भाऊंनी सगळं नीट केलंय म्हणाली.

उद्या गावाबाहेर मेहुण्याकडे जेवायला. ही म्हणाली, गाडी लेक चालवणार असेल तरच येते. मला हे बरंच वाटलं. चाचणी खरी व्हायची तर परीक्षकाने मागच्या सीटवर बसावं, मागेच जास्त आदळतं. लेकीने अट घातली, बाबा, तू बोलायचं नाहीस. परीक्षक बोलत नसतोच.

९ फेब्रुवारी, रविवार

यश! पूर्ण यश!

लेक फार सावकाश चालवते. सगळ्यांना पुढे जाऊ देते. एका टेम्पोला तर हात करून म्हणाली, जा बाबा. माझ्या जिभेला फोड यायचा बाकी होता, पण बोललो नाही. पण काय सांगावं, गाडी तरंगत होती. खड्डे येत होते आणि जात होते.

पूल ओलांडल्यावर ही पुढच्या सीटवर झोपली. खरंच झोपली, मान एका बाजूला, हात मांडीवर उघडा. माझ्या शेजारी बसते तेव्हा तिचा तो हात कायम दारावरच्या हँडलला असतो. मला वाटायचं, ती तिची सवय आहे.

मेहुण्याच्या दारात कशालाही न धरता उतरली. जेवताना मेहुण्याला सेटबद्दल सगळं समजावलं, मऊ, कडक, चकत्या, तेल. तो म्हणाला, ताई एकदम बरी दिसतेय. मी म्हटलं, सस्पेन्शन. हिने आणि लेकीने एकमेकींकडे बघितलं. बायकांना यंत्रातलं कळत नाही.

उद्यापासून रोजच्यासारखं, आम्ही दोघं. मनावरचं मोठं ओझं उतरलं.

१० फेब्रुवारी, सोमवार, सकाळी

निघायच्या आधीच भाऊंचा फोन. साहेब, तुमचा नवीन सेट बदलून आलाय, कधी टाकायचा?

मी म्हटलं, आलाय म्हणजे? गाडीत आहे तो?

म्हणाले, तो काढून परत पाठवला ना. गळत होता. सध्या तुमचे जुनेच घातलेत, गाडीबरोबर आलेले. मुलीला सांगितलं होतं.

लेकीला विचारलं. म्हणाली, हो, सांगायचं राहिलं. आणि बूट घालत बसली. खूप वेळ बूट घातले तिने.

ही डबा भरत होती. तिला म्हटलं, अगं, काल जुनेच शॉकअप होते.

म्हणाली, बरं.

म्हटलं, मग तुला त्रास कसा नाही झाला?

तिने झाकण लावलं. म्हणाली, अहो, गाडी आदळते असं मी तुम्हाला कधी म्हणाले होते?

आठवून बघितलं. फिजिओबाईंकडे, त्या टेम्पोच्या दिवशी, उड्डाणपुलावर. कुठेच म्हणाली नव्हती. प्रत्येक वेळी मीच म्हणालो होतो.

मी म्हटलं, मग सांगायचंस ना. ती म्हणाली, कधी सांगणार? गाडीत तुम्हीच बोलत असता.

भाऊंना कळवलं, सेट परत करता आला तर बघा. म्हणाले, बघतो.

त्याच दिवशी, ऑफिसात

लेक आईला सोडायला निघाली. कॉलेज उशिरा असतं तिचं, आता रोज तीच सोडणार. मी विचारलं, मी येऊ का? दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ही म्हणाली, मागे बसा.

बसलो. मागे पाय ठेवायला बरीच जागा आहे. या गाडीत एवढी जागा आहे, हे मला माहीत नव्हतं.