गुरुवारचं विमान बंद झालं

ओमान, १२ मार्च १९९२, गुरुवार

आज विमान आलंच नाही. या आडगावातून सरळ मुंबईला जायचं, दर गुरुवारी. प्रवासी नाहीत म्हणून कायमचं बंद.

संध्याकाळी घराजवळच्या केबिन रोडच्या बूथवरून दादाचा फोन. "तुझा सासरा लगीन मोडतो म्हंतो. इमान न्हाय, तं जावय काय पोहत येल?"

काशीगावात सासऱ्याच्या ओट्यावर बसून मीच फुशारकी मारली होती, दुपारी बसलो की रात्री घरी. त्या गुरुवारच्या विमानावरच पोरगी दिली त्याने!

म्हटलं, दोन विमानं बदलून येईन. दादा म्हणाला, "वसईचा पोरगा बघितला पण त्यांनी."

पोरगी काय म्हणाली, विचारलं. दादाने फोन ठेवला.

साखरपुड्यात एकदाच बोललेली माझ्याशी, "गणपतीला याल ना?"

आता वसईवाला जाईल गणपतीला.