दगडाबाई फोनात परत आली

सृष्टी पोरी,

तू ड्युटीवर हायेस, म्हणून लिहून ठेवतो. टँकरच्या गर्दीत माझा फोन पाण्याच्या ड्रममधी पडला, तव्हा फोनचं काही वाटलं नाय. पण दगडाबाईचे फोटो गेले म्हणून घास उतरंना. ती गेल्यापासून तिचं तोंड त्यातच बघायचो.

आज आपल्या पोरानं, अंगदनं, क्रांती चौकातून नवा फोन घेऊन दिला. तू लग्न होऊन आल्यावर माझ्या फोनातले फोटो ऑनलाइन ठेवले होतेस ना, त्याचा पासवर्ड टाकला, अन् एकेक फोटो यायला लागला. मग ती आली, कोकरू काखेत धरून हसत. मी दुकानातच रडलो. दुकानदार म्हणाला, "बाबा, काय झालं?" म्हणलं, "सुनेनं सासू परत आणली."

आता मी गावाकडं चाललो. फोटो घालवले म्हणून तिच्या बहिणीला इतके दिवस तोंड दाखवलं नाय, आज दोघं बसून फोटो बघू. भाकरी बांधून घेतलीय. टँकर आला तर ड्रम एकटीनं सरकवू नको, शेजारच्या फकिराला हाक मार.

दगडाबाईनं तुला बघितलं नाय. बघितलं असतं, तर तुला घेऊन गावभर मिरवली असती.

— मामंजी