उलटी गुंडाळलेली तार

प्रिय रुबी,

परवा पहिली आली ती गिताबाई. हातात पेरूंची पिशवी, आन् दारातनंच चालू झाली, की दौंडच्या एसटीत खिडकी मिळाली न्हाई म्हणून आमचं माणूस रुसलंय, मागनं येतंय सावकाश. कोण माणूस म्हणून बघते तर काठी टेकत तिचा नवरा हनुमंत. तू त्याला बघितलेलं न्हाई. तुझ्या दादांचा, म्हंजी आमच्या ह्यांचा, तरणेपणचा दोस्त, दौंड स्टेशनाच्या पल्याड पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान व्हतं त्याचं. मोटार जळली की आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, ते त्याचं काम. आता दाढी पांढरी झाली, पण चहा बशीत वतून डाव्या हातानं प्यायची सवय तशीच. डावखुरा हाय तो. हे ध्यानात ठेव, पुढं लागंल.

दादांना झटका आल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. उजवं अंग गेलं, वाचा गेली, हे ऐकून गिताबाई माझ्याच खांद्यावर पडून रडली, आन् लगेच तिच्या गुडघ्यांचं सांगत बसली. मला बरं वाटलं बघ. रडून उरलेल्या वेळात गुडघ्याचं बोलणारी बाई आपल्यातली असती.

आता तुझ्या गिटारीचं. फोनवर नाव काढलं की तुझं नेटवर्क जातंय, म्हणून कागद घेतला. चौथीपतुर शिकलेली हाय मी, अक्षर लागंल तसं लावून घे.

ईदला आलतीस तवा तू दादांची गिटार उघडलीस. आतल्या वायरी काळ्या पडल्यात, खरखर येती, म्हणून सगळ्या नव्या घातल्यास. मोबाईलवरचा वायरींचा नकाशा समोर ठेवून इतकं निगुतीनं करत व्हतीस की मी शिरखुर्म्याची वाटी तुझ्या तोंडाला लावली. आन् शेवटाला वाजवलीस तर आवाज कसा, डास गुणगुणल्यागत. तारांखालच्या त्या दोन पट्ट्या, पिकअप म्हणतेस तू, त्यातली पुढची एकटी लावली तर झकास. मागची एकटी लावली तरी झकास. दोन्ही मिळून लावल्या की जीव गेल्यागत. तू बटण बदललंस, स्पीकरची वायर बदललीस, वायरी जोडलेले सगळे डाग परत तापवलेस. काय बी फरक न्हाई. दादा पलंगावरनं बघत व्हते. डावा हात हवेत गोल गोल फिरवत व्हते. मी उठून पंखा वाढवला. त्यांनी परत फिरवला, मी परत वाढवला. भिंतीवरचं कॅलेंडर उडून खाली पडलं. मग त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मला वाटलं वारं बाधलं, मी चादर घातली. तुला वाटलं, दादांच्या गिटारीचा आवाज मी मारला, आता ते माझं तोंड बघायचे न्हाईत. संध्याकाळच्याच गाडीनं गेलीस नाशिकला.

तर परवा हनुमंत उशाशी बसला. ह्यांनी कोपऱ्यातल्या गिटारीकडं बोट केलं आन् परत तसाच डावा हात फिरवला. मी उठले पंख्याकडं. हनुमंत म्हणाला, भाभी, बसा खाली, पंखा न्हाई मागत त्यो, माझी नक्कल करतोय. आन् हसता हसता उपरण्यानं डोळे पुसायला लागला.

आगं, मग मला सगळा तो दिवस आठवला. माझं लग्न होऊन सहा-सात महिनेच झालते. हे ऑर्केस्ट्रात वाजवायचे, लग्नात, उरुसात, जत्रेत. गिटार दौंडच्याच एका रेल्वेच्या गार्डाकडनं घेतलेली. एका उरुसात ट्रॉलीवरच्या स्टेजावरनं पडली आन् मागचा पिकअप मुका झाला. तसला नवीन कुठं मिळंना. मला माहेरी सोडायच्या निमित्तानं हे दौंडला आले आन् थेट हनुमंताच्या दुकानात. हनुमंत म्हणाला, मी पाच हॉर्सपॉवरच्या मोटारी भरणारा माणूस, ही तार तर पोरीच्या केसाहून बारीक. पण बसला. वैशाखातलं दौंड, वरती पत्रा, आन् पंखा बंद, कारण वाऱ्याची झुळूक लागली तरी तार तुटायची. माझे अब्बा शिंपी, मला बारीक दोऱ्याची सवय, म्हणून रीळ माझ्या हातात दिलं. हनुमंत डाव्या हातानं तार गुंडाळायचं हँडल गोल गोल फिरवतोय, मी तार सोडतेय, हे समोर बसून श्वास रोखून बघत्यात. तार बघायची सोडून मलाच बघत्यात, हे मला तवाच कळलं व्हतं. माझ्या कपाळावरनं घाम निथळायला लागला तवा ह्यांनी जवळ येऊन रुमालानं टिपला, हनुमंताच्या समोर. घरी सासूच्या पुढं माझ्याशी बोलायची चोरी व्हती, आन् इथं हे असं.

सगळं जोडून वाजवलं तर असाच डासाचा आवाज. दोघं पोटं धरून हसले. मला तवा काय कळतंय, ते हसले म्हणून मी हसले. आता हनुमंतानं उलगडून सांगितलं. डाव्या हातानं फिरवल्यामुळं ती तार उलट्या बाजूनं गुंडाळली गेली. म्हणून ती मागची पट्टी एकटी बरी वाजती, पण दुसरीच्या संगं लावली की दोघी एकमेकीचा आवाज खात्यात. हनुमंत म्हणालता, सोडून परत गुंडाळतो. हे म्हणाले, न्हाई, ही सकाळपासनं उकाड्यात बसलीय, आता हिला अजून बसवायची न्हाई. त्यापेक्षा मागच्या पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करून जोडतो, उलट्याला उलटं केलं की सरळ. तशीच वाजली ती इतकी वर्षं. तू नकाशाबरहुकूम जोडलीस. नकाशा बरोबर, तू बी बरोबर. नकाशा काढणाऱ्याला आमचा हनुमंत ठाऊक नव्हता, एवढंच.

हनुमंतानं तू ठेवून गेलेली सोल्डरिंगची कांडी तापवून मागच्या त्या दोन वायरी सोडवल्या, आन् अदलाबदल करून नुसत्या चिमट्यानं धरल्या. गिताबाईला म्हणाला, मार हात. तिनं बांगड्यांसकट मारला. रुबी, मांडणीतली ताटं वाजली. शेजारची झुंबरबाई, ती कधी आपल्या दारात येत न्हाई, ती बी आली, लग्न कुणाचं हाय विचारत. मी म्हटलं, आता जोडून टाका. तर हनुमंतानं वायरी सोडल्या, वर कागदी टेप लावला. म्हणाला, पोरीनं उघडलीय, पोरीच्याच हातनं बंद होऊ दे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. आवाज आला तवा ह्यांनी डाव्या हातानं गिटारीची मान आपल्याकडं ओढली. बोटं तारांवर ठेवली, दाबली, सरकवली, परत दाबली. डावा हात काहीच विसरलेला न्हाई, बेटा. तारा छेडायचा उजवा तेवढा गेलाय. गिताबाईनं परत मारायला हात घातला तर तो हळूच बाजूला सारला, आन् तू ईदला बसलीवतीस त्या वेताच्या मोड्याकडं बघत राह्यले. त्या दिवसापासनं गिटार पलंगावरच हाय, भिंतीच्या बाजूला, आन् ह्यांचं तोंड दाराकडं. पंखा मी बंदच ठेवते. हनुमंत आन् गिताबाई येत्या रविवारी परत येतो म्हणालेत.

तुझीच,
दादी
घोडनदी, शिरूर