काचघर वाढवताना

आई,

आज सकाळपासून मी परसातलं काचघर धूत होते. हे घर तू पाहिलं नाहीस. सिएटलजवळ बॉथेल नावाचं गाव आहे, तिथे आम्ही राहतो. इथे नोव्हेंबर लागला की ऊन जे गावाला जातं ते हिवाळा सरेपर्यंत परतायचं नाव घेत नाही. मागच्या अंगणात काचेची एक खोली आहे, असेल आपल्या बांगड्यांच्या दुकानाएवढीच. तुझ्या जावयाने रिटायर झाल्यावर ती स्वतःच्या हाताने उभी केली. लिंबू, मोगरा, अळू, थंडीत बाहेर तग धरणार नाही ते सगळं तो तिथे ठेवायचा. आणि दर वर्षी याच दिवसांत सगळ्या काचा आतून-बाहेरून घासायचा, म्हणजे हिवाळ्यात जो काही मूठभर उजेड येतो तो झाडांपर्यंत पोचावा. या वसंतात तो गेला. झोपेतच गेला, त्यामुळे बोलणं असं काही झालंच नाही.

मदतीला लेक आली आहे. तू न पाहिलेली तुझी नात. सकाळी शिडीवर चढून छताच्या काचेवरचं शेवाळ खरवडताना ती म्हणाली, "आई, वी आर नॉट कीपिंग इट, राइट? संडेला ते अंकल बघायला येतायत. ही विल टेक एव्हरीथिंग, प्लँट्स अँड ऑल." दोन गल्ल्या सोडून एक गृहस्थ राहतात, त्यांना काचघर हवंय. मी म्हटलं, "आधी धुऊ तर. घाणेरडी वस्तू कुणाला देऊ नये." वाक्य तुझंच. पण मी ते वेळ काढायला वापरलं, कारण द्यायचं असो की ठेवायचं, धुणं तेच असतं. ठेवायचं की द्यायचं हे मला ठरवता येत नव्हतं, आणि तिला ते कळू द्यायचं नव्हतं.

कुंड्या बाहेर काढल्या, वाळलेली पानं झाडली, फळ्या गरम पाण्याने घासल्या. वाफ आतच कोंडून राहिली. काचेवरून साबणाचं पाणी ओघळतंय आणि त्याच्या पलीकडे शेजारचा मेपल पिवळा, वितळल्यासारखा हलतोय. हात चालू आहेत, डोकं कुठे आहे कुणास ठाऊक. आणि मग संध्याकाळ झालेली असते, मी आपल्या दुकानात पायरीवर बसलेली असते, तू दोरीत ओवलेले बांगड्यांचे घोस मऊ फडक्याने पुसून खुंटीला लावतेस. मी विचारते, "आई, दुकान कधी बंद करायचं?" तू मागे न बघता म्हणतेस, "बंद नाही म्हणू. वाढवायचं म्हण." बांगडी फुटली म्हटलं तरी तेच. फुटली नाही, वाढली. भात वाढायचा, झाड वाढायचं, दुकान वाढवायचं, एकाच शब्दाला तू घरगड्यासारखं राबवायचीस. मी बिचारी सगळं खरं मानायचे. एकदा वाढलेल्या बांगडीचे तुकडे रिकाम्या डब्यात माती भरून पुरले आणि रोज पाणी घातलं. नवी उगवेल म्हणून. तू येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगून हसत होतीस, आणि मी काउंटरखाली तोंड लपवून बसले होते.

अण्णा गेले तेव्हा बायका तुझ्या बांगड्या फोडायला आल्या. ते मला अजून दिसतं. तू म्हणालीस, "थांबा जरा." मोरीत गेलीस, हाताला साबण लावलास, आणि गिऱ्हाइकाचा हात धरावा तसा आपलाच हात धरून एकेक बांगडी अलगद उतरवलीस. एकीलाही तडा गेला नाही. "जन्मभर दुसऱ्यांच्या हातात भरल्या मी," तू म्हणालीस, "माझ्या फोडून घ्यायच्या नाहीत." अण्णांचे तेरा दिवस झाले आणि दुसऱ्या सकाळी तू दुकान उघडलंस. नवऱ्यामागे राहिलेल्या बाईच्या हातून बांगड्या कशा भरून घ्यायच्या, अशी कुजबुज बाजारभर होती. तू रिकाम्या दुकानात बसून माल पुसत राहिलीस. मग एक आली, तिच्यामागून दुसरी, कारण तुझ्याइतका हलका हात त्या बाजारात नव्हता. पण गिऱ्हाइकं परतली हे नंतरचं. त्या पहिल्या सकाळी तू उठलीस कशी, कुलपाला किल्ली लावलीस कशी, हे मी तुला कधी विचारलं नाही. आज मला ते फार विचारावंसं वाटतंय.

दुपारी लेकीने गॅरेजमधून बबल रॅपचा मोठा रोल आणला. तुझ्या जावयानेच आणून ठेवलेला. ती कुंड्या गुंडाळायला लागली, रविवारी न्यायला सोप्या जाव्यात म्हणून. मी रोल तिच्या हातातून घेतला आणि उत्तरेकडच्या काचांना आतून चिकटवायला लागले, तो थंडीसाठी चिकटवायचा तसा. विचार केला असता तर कदाचित हात पुढे झाला नसता.

"सो वी आर कीपिंग इट?"

"हो."

"आई, तुला प्लँट्समधलं काही कळतं का?"

"नाही. शिकेन."

"आणि रोज हीटर कोण चेक करणार?"

"मी करणार. दुसरं आहे कोण?"

तिने रॅपचं दुसरं टोक धरलं. "अंकलना मीच फोन करते," ती म्हणाली. "तू केलास तर त्यांना चहाला बोलावशील आणि कॅन्सल करायचंच विसरशील." पोरगी मला ओळखते. आम्ही फटी बुजवल्या, कुंड्या पुसून आत लावल्या, हीटर सुरू केला. आता मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय आणि ती पुढच्या खोलीत सोफ्यावर झोपली आहे.

हे तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. लेकीला नाही सांगितलं ते तुला सांगते. मला झाडं आवडत नाहीत, आई. कधीच आवडली नाहीत. तो तिथून हाक मारायचा, "अगं ये, बघ, कळी आलीय." मी या खिडकीतूनच "बघितली, बघितली" म्हणायचे आणि कळीकडे ढुंकूनही बघायचे नाही. मी त्याच्याकडे बघत असायचे.