पाण्याच्या चावीची गादी

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. 'अक्कल शाबूत' असे लिहिणार होतो, पण बायको म्हणाली, "तेवढं नको, साक्षीदार सही करायचे नाहीत."

१. राहते घर पत्नीच्या हयातीत तिचे, नंतर मुलगा व मुलगी यांचे समसमान. दुकान आणि हत्यारे मुलीस. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, हे मी तिला कधी सांगितले नाही.

२. गल्लीच्या पाण्याची लोखंडी चावी. टंचाईच्या साली भांडणे नकोत म्हणून लोकांनी ती आजोबांना एका उन्हाळ्यापुरती दिली. पाऊस पडला, पण परत मागायचे कोणाला सुचले नाही आणि द्यायचे आजोबांना. वडिलांच्या वेळी ती 'आमची' झाली. व्हॉल्व्ह फिरवणे रक्तातच असावे लागते, असे मी स्वतः सांगू लागलो. राजघराणी अशीच सुरू झाली असणार. शिंप्याने एकदा नमस्कार केला नाही, म्हणून मी त्याच्या बाजूला पाणी अर्धा तास उशिरा सोडले. त्याची माफी मागतो.

३. अकरा वर्षांपूर्वी प्लंबर म्हणाला, "काका, नवी लाइन पडल्यापासून हा व्हॉल्व्ह बाद आहे. पाणी आपोआप येतं." मी त्याला चहा पाजून गप्प केले. तेव्हापासून रोज सकाळी सहाला खड्ड्यात उतरून चावी नुसतीच फिरवतो आणि वर येऊन घाम पुसतो.

४. परगावच्या छापखान्याची नोकरी मुलाने दोनदा नाकारली. पोराचा गादीवर डोळा आहे, असे वाटून माझी छाती फुगली. आता तिसरे बोलावणे आले, तेव्हा परवा त्याला खरे सांगून टाकले.

"माहीत आहे, बाबा. तुम्ही तापानं पडलात तेव्हा मला पाठवलं होतंत. मी झोपून राहिलो. पाणी आलंच."

"मग गेला का नाहीस?"

"मी गेलो असतो, तर तुम्ही थकल्यावर चावी दुसऱ्या कोणाकडे गेली असती. पहिल्याच दिवशी तुमचं हसं झालं असतं."

मला रडू आले. माझ्या खोट्या राज्यावर पोराने खरी वर्षे घालवली.

५. म्हणून हा कागद माझ्या मरणाची वाट न पाहता उद्या सहाला खड्ड्यापाशी मोठ्याने वाचावा. हसणाऱ्यांनी पोटभर हसावे. चावी भंगारात द्यावी. मुलाने पहिल्या गाडीने नोकरीवर जावे. मी अंथरुणातच असेन. पाणी आले की पत्नीने मला उठवावे.

ठिकाण: दुकानातले माझे टेबल
दिनांक: चौदा मार्च

सही: घड्याळवाला

साक्षीदार:
१. प्लंबर. अकरा वर्षे गप्प राहिल्याबद्दल त्याचे आभार.
२. शिंपी. सही करताना म्हणाला, "अर्धा नाही, पाऊण तास." तशी दुरुस्ती समजावी.